अर्जदाराने पाहणीच्या वेळी हजर राहावे

लच्चूभाऊ, कोसमटोल्यातल्या सगळ्या बाया-भावांनो, सावलीवरून, पोंभुर्ण्यावरून आलेल्या पाहुण्यांनो, सगळ्यायले माझा जोहार.

माईक नको म्हणलो मी. एवढ्याशा टोल्यात माईक कायले पायजे? अन् खरं सांगू का, मी बोलणारा माणूस नाई. पोंभुर्ण्याच्या बसस्टँडासमोर माझं टायपिंगचं अन् झेरॉक्सचं दुकान आहे. मुश्ताकभाई टायपिंगवाला. लोकायच्या तोंडचं टाइप करता करता माझे केस पिकले. आज माझ्या तोंडचं बोलाचं आहे, तर काईच सुचून नाई राह्यलं.

लच्चूभाऊच्या घरवालीले, तानीबाईले, जाऊन दीड महिना झाला. सभा आज होऊन राह्यली. काऊन? कारण नाला आता कुठं कायमचा उतरला. तवा बाहेरच्या कोणाले रडाले येता आलं नाई. आपल्या इथी माणूस मेला तरी नाल्याले विचारून रडा लागते.

हा समोरचा फोटो पाहा. हार घातलेला. हा माझ्याच दुकानातला आहे. अर्जाले चिकटवाले काढला होता, तोच मोठा केला. म्हणून बाई त्याच्यात अशी डोळे वटारून पाहून राह्यली. मी तिले म्हणलो होतो, बाई, जरा हासा. ती म्हणे, अर्जात हासलं तर सरकार म्हणंल हिचं बरं चाललं आहे.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. बाई पहिल्यांदा दुकानात आली. हातात प्लास्टिकची पन्नी, पन्नीत ग्रामसभेचा ठराव. कोणी साबण मागते तशी मले म्हणे, "मुश्ताकभाऊ, पूल पायजे."

मी म्हणलो, बाई, पूल टाइप नाई होत. अर्ज टाइप होते.

"तर मंग अर्ज करा. पुलाचं मी पाहीन."

अन् पाह्यलं तिनं. खरंच पाह्यलं. कोणती योजना निघाली, कोणता निधी आला, बाई दुकानात हजर. मी पेपर वाचत जाओ, ती ऐकत जाये. रस्त्याची योजना होती, तिच्यात टोल्याची माणसं कमी पडली. बाई म्हणे, पूल नाई म्हणून पोरी कोणी देत नाई, पोरी येत नाई म्हणून माणसं वाढत नाई, हे लिवा. मी लिवलं. आदिवासी भागाची योजना होती, तिच्यात जमीन जंगलाची निघाली. मंग ना-हरकतीचा अर्ज. एक खाणीचा निधी होता. तो गडचांदूरकडं जाते, कारण खाण तिकडं आहे. आपल्याकडं खाण नाई. बाई मले विचारे, "मंग खोदाची काय जी आता खाण?" मी हासलो. ती नाई हासली.

तरी तीन वेळा अर्ज पुढं सरकला, भावांनो. तीन वेळा साहेब पाहणीले निघाला. दर वेळी साहेब वेगळा, पण नाला तोच.

पहिला साहेब नाल्याच्या त्या काठावर आला. पाणी पाह्यलं, आपले बूट पाह्यले, अन् वापस गेला. महिन्यानं पत्र आलं. मी बाईले वाचून दाखवलं. "रस्त्याअभावी स्थळ पाहणी होऊ शकली नाही. सबब प्रस्ताव परत." बाईनं मले दोनदा वाचाले लावलं. रस्ता नाई म्हणून रस्ता नाई! मी तिले म्हणलो, बाई, साहेबाले इथपर्यंत आणा लागंल. तो आलाच नाई, तर लिवंल काय?

हे मी म्हणलो. ध्यानात ठेवा, मी म्हणलो. बाई तवाच म्हणत होती का, येऊ द्या त्याले पाण्यातून. पण मी शहाणा. पोंभुर्ण्याचा.

मंग दुसरा साहेब येणार होता. तुमी सगळ्यायनं काय केलं, आठवते? पाहुणा घरी आला का आपण पहिले त्याचे पाय धुतो. पाहुण्याले चिखलातून कोण आणते? आठ दिवस तुमी खपले. लाकडाच्या बल्ल्या टाकल्या, वरून बांबूचे ताटवे, त्याच्यावर मुरूम. दोन्ही बाजूनं आंब्याचे टहाळे बांधले. पाणी शिंपलं, का धूळ उडू नये. मीच उभा राहून सांगत होतो, तिकडून आणखी एक बल्ली घ्या. साहेब मोटारसायकलवर सरळ टोल्यात आला. कोंबडी-भात जेवला. लच्चूभाऊनं त्याच्या पायावर तांब्यानं पाणी घातलं. साहेब लय खुश. जातांनी म्हणे, गाव असावं तर असं.

अन् पत्रात लिवलं, "आवागमन सुरळीत चालू आहे. निकड दिसून येत नाही."

काय म्हणाचं याले? साहेबानं खोटं नाई लिवलं. जे पाह्यलं ते लिवलं. आपणच त्याले दाखवलं. मुसळधार पावसात तोच पूल कागदासारखा वाहून जाते, हे त्याले दिसलं नाई, कारण तो दिवाळीनंतर आला. इकडे आड, तिकडे विहीर. पूल नाई बांधला तर साहेब येत नाई. बांधला तर म्हणते, पूल आहे ना.

पत्र ऐकून बाई घरी गेली. चौथ्या दिवशी दुकानात आली अन् म्हणे, "अर्धा बांधू."

तुमी हासून राह्यले. हासा. मी पण हासलो होतो. पण तिची अक्कल पाहा. साहेब अर्ध्या नाल्यापर्यंत कोरडा येईल, म्हणजे वापस जाणार नाई. अन् मंग पुढं पाणी. तिथी त्याले कळंल. तिसऱ्या साहेबाच्या वेळी आपण तसंच केलं. त्या काठावरून मधापर्यंत पूल. अन् इकडून तानीबाई स्वतः पाण्यात उतरली. कंबरभर पाण्यात, लुगडं भिजलेलं, डोक्यावर शाळेच्या पोरायच्या पुस्तकाची थैली. साहेब पुलाच्या टोकावर येऊन थांबला. बाई खालून म्हणे, "या साहेब. आमी इथून पुढं असे जातो."

साहेबाचा चेहरा पडला होता. मी त्याच्या बाजूले उभा होतो, मी पाह्यलं. मले वाटलं, झालं. या वेळी झालं.

पत्र आलं. "पुलाचे काम लोकसहभागातून प्रगतीपथावर आहे."

हे पत्र मी बाईले दोनदा नाई वाचून दाखवलं. एकदाच वाचलं, तेही हळू. तिनं ते पन्नीत टाकलं. पन्नी घडी घालून कमरेले खोसली अन् निघाली. दारातून वळून म्हणे, नवीन काई निघालं तर सांगजा.

आता जे सांगाचं आहे, त्याच्यासाठी मी आज आलो. लच्चूभाऊ, माझ्याकडं पाहा. नाई पाह्यलं तरी चालंल.

उन्हाळ्यात नवीन योजना निघाली होती. लहान पुलायची. बाईनं सही केली, हा फोटो दिला, मी अर्ज टाइप केला. तिनं सांगतलं, मुश्ताकभाऊ, तुमी नेऊन द्या, मले आता चालवत नाई. मी हो म्हणलो. अन् तो अर्ज माझ्या ड्रॉवरमधी पडून राह्यला. एक महिना. दोन महिने. मी विसरलो नव्हतो, भावांनो. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी थकलो होतो. मनात म्हणलो, देऊन काय होते? आणखी एक पत्र येईल, ते मलेच वाचून दाखवा लागंल. माझी हिंमत नाई झाली तिच्या तोंडासमोर वाचाची.

मंग पाऊस लागला. बाई तापानं फणफणली. लच्चूभाऊचा फोन आला, मी गाडी घेऊन आलो, दवाखान्याची गाडी, डॉक्टरणीसंगं. आमी त्या काठावर, तुमी बाईले खाटेवर घेऊन या काठावर. मधात नाला. तीन दिवसांपासून उतरला नव्हता. गाडी होती, डॉक्टरीण होती, दवाई होती. सगळं होतं. पन्नास पावलं नव्हती.

आमी किती वेळ एकमेकायकडं पाहत उभे होतो? दोन पोरं पोहाले निघाले, त्यायले तुमीच धरून ठेवलं. बरं केलं. मंग लच्चूभाऊ खाटेवर वाकला, बाईचं काईतरी ऐकलं, अन् मले आवाज दिला.

"बाई विचारून राह्यली, अर्ज टाकला काय?"

मी ओरडलो, टाकला.

लच्चूभाऊनं तिच्या कानात सांगतलं. बाईनं खाटेवरून हात वर केला. मले दिसला तो हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं, तेही एका दिवसापुरतं. बाई त्याच्या आधीच गेली होती.

लच्चूभाऊ, तुमी माझा खोटा शब्द तिच्या कानात घातला. तुमाले माहीत नव्हतं. आज माहीत झालं. याची माफी असते का, मले माहीत नाई. मी मागून राह्यलो.

तिची माती झाल्यावर मी सरळ दुकानात गेलो, ड्रॉवर उघडला अन् अर्ज नेऊन दिला. अर्जदार मेली, हे मी त्यायले सांगतलं नाई. दहा दिवसांपूर्वी पत्र आलं. साहेब येत्या सोमवारी पाहणीले येऊन राह्यला. शेवटची ओळ अशी आहे. "अर्जदाराने पाहणीच्या वेळी हजर राहावे."

कुठून आणाचं अर्जदाराले?

तवापासून तुमी मले विचारून राह्यले, मुश्ताकभाऊ, सोमवारसाठी पूल बांधाचा का नाई बांधाचा. अन् विचारता विचारता या सभेच्या पाहुण्यायसाठी तुमी बांधून मोकळे झाले. पाहुण्यांनो, तुमी आता कोरड्या पायानं आले ना? तो हाच पूल. सोमवारी तो ठेवाचा, का काढाचा, का अर्धा काढाचा? मले सांगता येत नाई. माझा एक सल्ला तुमी ऐकला होता, त्याचं काय झालं ते तुमी पाह्यलं. जिले कळत होतं ती आता फोटोत आहे.

मले एवढंच कळते का सोमवारी मी इथी राहीन. पाण्यात उभा राहीन, तिच्या जागेवर. साहेब काय लिवंल, ते साहेबाले माहीत.

आता सगळे उभे राहा. लच्चूभाऊ, तुमी बसूनच राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका. नाल्याचा आवाज इथपर्यंत येते, तो ऐका.

तानीबाई, अर्ज टाकला. आता खरंच टाकला.

जोहार, बाई.