एका देवाची तीन पानं

देव किती, हा वाद एकदा माझ्यासमोरच मिटला, खोटं नाही सांगत! इंग्रजाच्या राजात मी जानेफळकडच्या एका पादरीसाहेबाले मराठी शिकवत होतो. मिशनच्या दवाईनं गंगूबाईचं पोरगं तापातून उठलं. गंगूबाई नवस फेडाले पुरणपोळ्या घेऊन बंगल्यावर आली.

"साहेब, पानं किती वाढू? तुमचे देव किती?"

पादरीसाहेब म्हणे, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तिघे, परंतु देव एकच."

मुक्कामाले आलेला दुसरा गोरा साहेब भडकला. "चूक! पिता तेवढा देव. पुत्र हा मनुष्य."

दोघंही पुरावा दाखवाले पुस्तकं आणाले आत गेले.

गंगूबाई मले म्हणे, "मास्तर, मी तीन वाढते बापा. एखादा उपाशी राह्यला अन पोराले पुन्हा ताप भरला तं?"

पानं वाढून ते विहिरीवर पाणी आणाले गेली. परत आली तं एक पान साफ!

"साहेब, भांडू नका!" ते ओरडली. "एकच हाय. जेवून गेला!"

दोघं साहेब धावत आले. "मास्तर, आपण कोणास पाहिले?"

मी नुसती मान हालवली. तोंडात घास होता.