क्लाइव्हचा नंबर

नाही गं टेस, नंबर नाही द्यायची मी — गुडघा धरलाय माझा, पुढच्या रविवारची अर्धमॅरेथॉन काही झेपायची नाही मला, छातीवर लावायचा तो नंबर घरात नुसता पडून राहणार, सगळं खरं — पण चुलीत घालीन तो, तुला नाही द्यायची. राग मानू नकोस. मघापासून माझ्या गुडघ्याची एवढी चौकशी चालली होती ना तुझी, तेव्हाच ओळखलं मी, ताकाला आलीय नि भांडं लपवतेय म्हणून. लाज कसली त्यात? सगळेच मागतात. मोठ्या शर्यतीची नावनोंदणी बंद झाली की या बागेत दर शनिवारी धावायला जमल्यावर हेच — कुणाची टाच दुखतेय, कुणाच्या पोराला कांजिण्या आल्यात, कुणाचा नंबर मोकळा आहे — आणि देतातही लोक, हसत हसत देतात, डब्यातला उरलेला केक द्यावा तसा. मी नाही देत. इथं सगळ्यांना माहीत आहे मी का देत नाही ते. तू नवी आहेस, तुला कुणी सांगितलं नसणार.

हळू चाल, घाई कशाची आहे? तू शेवटची आणि तुझ्यामागं मी. हे पिवळं जाकीट त्याचंच — शेपटी म्हणतात आम्हाला — शेवटच्या माणसाला एकटं पडू द्यायचं नाही आणि त्याच्या आधी शेवटची रेष ओलांडायची नाही, एवढंच काम. ढकलगाडीवाल्या गेल्या, कुत्रीवाले गेले, तो ऐंशीचा आर्थरसुद्धा गेला पुढं. जाऊ देत. आज तू बसत बसत आलीस ना, तरी माझी काही तक्रार नाही. मला आज पोचायचंच नाहीये लवकर. तिकडं तळ्यापाशी नवा बाक बसवलाय — पाहिलास? फडक्यानं झाकलाय तो — आपण पोचलो की सगळे तिथं जमणार, आणि मग मला तिथं — असो. आधी नंबरचं ऐक.

त्या कागदाच्या मागच्या बाजूला काय असतं, बघितलंयस कधी? नाही ना, कुणीच बघत नाही. पुढं आकडा, चार टाचण्या, की झाला माणूस धावायला तयार. मागं लिहायचं असतं — नाव, काही आजार असला तर तो, आणि काही झालंच तर फोन कुणाला करायचा ते. वर्षापूर्वीच्या शर्यतीत माझ्या क्लाइव्हच्या नंबरामागं माझा फोन होता. त्यानं नीट ठळक अक्षरात लिहिला होता, फार नेटका माणूस. तर तो नंबर घातला स्टुअर्टनं. स्टुअर्ट म्हणजे — ती ग्लेनिस आहे ना, रेषेपाशी वेळ नोंदायला मनगटावरच्या पट्ट्या तपासते, चहाची किटली आणते, तुझ्या पहिल्या दिवशी तुला मिठी मारली होती बघ तिनं — तिचा नवरा. क्लाइव्हचा जिवलग. दोघं शाळेपासूनचे. बायका केल्या त्याही मैत्रिणी मैत्रिणी.

आता स्टुअर्टला डॉक्टरांनी पळायला बंदी केली होती. छातीचं काहीतरी होतं. त्यानं मान डोलावली, गोळ्या घेतल्या, ग्लेनिसच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली — आता फक्त स्वयंसेवक, शर्यतीत पाण्याच्या टेबलाशी उभा राहीन, पोरांना पेले देईन. आणि इकडं आमच्या क्लाइव्हची पोटरी लचकलेली. पण मला सांगेल तर शपथ. का? तर मी बोलले असते — गेल्या खेपेलाही पैसे भरून घरी बसलास म्हणून मी बोलले असते, खरंय ते, सोडलं नसतं मी. मग दोन म्हाताऱ्यांनी काय करावं? गाडीतळावर, गाडीच्या आडोशाला, शाळकरी पोरांसारखी अदलाबदल केली. क्लाइव्हनं स्वयंसेवकाचं जाकीट चढवलं आणि गेला पाण्याच्या टेबलाशी. स्टुअर्टनं क्लाइव्हचा नंबर छातीवर लावला. नंबर फुकट जायला नको. आमच्याकडची माणसं, बाई, मरतील पण पैसे मोजलेली वस्तू वाया घालवणार नाहीत — बघ, तोंडातून काय गेलं माझ्या.

आम्ही दोघी शेवटच्या रेषेपाशी. वारा असा की डोळ्यांतून पाणी. ग्लेनिसनं केळी आणलेली, घोंगडी आणलेली, तीही माझ्या क्लाइव्हसाठी — कारण माझा धावणारा आणि तिचा टेबलाशी, असंच ना आमच्या डोक्यात. मला चिडवत होती, तुझा येईल आता रांगत म्हणून. मग माझा फोन वाजला. क्लाइव्ह ऑलरॉइडच्या पत्नी का? पडलेत, हॉस्पिटलला नेतोय, लगेच या. गंभीर आहे का विचारलं तर ती बाई म्हणाली, तुम्ही या. तेवढ्यावर कळतं गं. आवाजावरून कळतं.

मी फोन तसाच धरून गर्दीत घुसले. तर ग्लेनिसनं — ऐकतेस ना? — ग्लेनिसनं मला धरलं. स्वतःचा स्वेटर काढून माझ्या अंगावर घातला. लोकांना बाजूला सारलं, मला त्यांच्या गाडीत बसवलं, पट्टासुद्धा तिनं लावला. स्टुअर्टला फोन केला तिनं, म्हणाली, उचलत नाही गं, हात ओले असतील त्याचे. दोघांचेही फोन जमा केलेल्या पिशवीत होते, एकाच पिशवीत, आम्हाला काय माहीत. आणि निघालो. मूरवरचा, उघड्या माळावरचा तो रस्ता, मेंढ्या आडव्या येतात, ती हॉर्न देत नव्हती, मी दचकेन म्हणून. एका हातानं गाडी आणि दुसऱ्या हातात माझा हात. म्हणत होती, क्लाइव्ह दणकट आहे, आपण येतोय हे त्याला कळत असेल. सबंध वाट ती मला धीर देत होती, टेस, आणि तिचा स्वतःचा माणूस —

हो. तिचाच. पण ऐक ना. हॉस्पिटलात एका खोलीत बसवलं. तसल्या खोलीत खुर्च्या मऊ असतात, कळतंच. डॉक्टर आले, तरुण होते, म्हणाले, मिसेस ऑलरॉइड, आम्ही सगळं केलं. एका नर्सनं प्लॅस्टिकची पिशवी आणली, कपडे-बिपडे. ग्लेनिस पुढं झाली — मला बघायला लागू नये म्हणून — तिनं ती पिशवी घेतली नि आत पाहिलं, आणि काय म्हणाली माहितेय? म्हणाली, "अगं, क्लाइव्हनं स्टुअर्टचे बूट घातलेत." नाडी हिरवी होती त्यांची, तिनंच ओवलेली. बूट हातात घेऊन उभी, आणि त्या डॉक्टरला समजावतेय, हे माझ्या मिस्टरांचे बूट आहेत, यांना कसे आले कोण जाणे, यांचा तर पाय मोठा आहे.

मला कळलं. तिच्या आधी कळलं मला. किती वेळ — क्षणभर, दोन क्षण — त्या खोलीत ते फक्त मलाच माहीत होतं. आणि मी सांगितलं नाही तिला. तिला बुटांशी बोलू दिलं. कारण मला — कसं सांगू — मला आनंद झाला होता, टेस. छातीत मावेना इतका. तोंड दाबून धरलं मी, हसू फुटेल म्हणून. ती समजली मी रडतेय. बूट खाली ठेवून माझ्याकडं आली, मला मिठी मारली. मिठीत असतानाच तिचं अंग ताठ झालं. तेव्हा पोचलं तिला.

झालं. म्हणून नंबर देत नाही मी. म्हणून सांगते, आपलं नाव आपल्या छातीवर — चिखल आहे तिथं, कडेनं ये. क्लाइव्ह? घरी असतो. शर्यतवाल्यांनी जन्माची बंदी घातली त्याच्यावर, पण ती नसती तरी त्यानं पाऊल टाकलं नसतं. टेबल आवरून, उरलेले पेले पोत्यात भरून, जाकिटाच्या बाह्या भिजलेल्या तसाच आला होता तो मला शोधत — रेषेपाशी कुणीच नाही, आमची घोंगडी तेवढी पडलेली. ग्लेनिसनं त्याला एका शब्दानं दुखावलं नाही. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, तू दिला नसतास तर त्यानं दुसऱ्या कुणाचा मागून घेतला असता, जित्याची खोड होती त्याची. असं म्हणते ती. काय करायचं सांग अशा बाईचं? ओरडली असती, थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं गं. दर शनिवारी येते, माझ्या कपात साखर घालून देते.

आणि आता तो बाक. स्टुअर्टच्या नावानं. वर्ष झालं. गेल्या आठवड्यात आली घरी, फ्लॅपजॅक, ओटच्या गोड वड्या, घेऊन आली, म्हणाली, हिलरी, तुझ्याकडं एकच मागते. त्या दिवशी गाडीत सबंध वाट तू पुटपुटत होतीस, मी ऐकलं नाही पण ओठ हलताना बघत होते — तुझी ती प्रार्थना बाकापाशी म्हण. तू क्लाइव्हसाठी मागितलीस, पण पोचली ती माझ्या स्टुअर्टला. तो एकटा गेला नाही. तो जात होता तेव्हा त्याच्यासाठी कुणीतरी देवाशी बोलत होतं, एवढ्यावर मी वर्ष काढलं, म्हणाली.

मी हो म्हणाले. नाही कशी म्हणणार? आणि मला काय, दुसरी एखादी पाठ करता आली असती, चर्चमधली, आहेत पुस्तकात छापलेल्या. तीच नाही म्हणजे झालं. ती काही म्हणण्यासारखी — काही नाही. काही नाही गं. तशी प्रार्थनाच नव्हती ती. मी कुठली देवभोळी, लग्नानंतर चर्चची पायरी नाही चढले —

अशी बघू नकोस माझ्याकडं. प्रार्थनाच होती. तीच तर पंचाईत आहे. ती माझा हात धरून बसली होती, अंगठ्यानं कुरवाळत होती, आणि मी तिच्या शेजारी बसून, ओठातल्या ओठात — क्लाइव्हला सोड, स्टुअर्टला घे. एवढंच. पुन्हा पुन्हा. क्लाइव्हला सोड, स्टुअर्टला घे. स्टुअर्ट आजारीच आहे, त्याचं काय राहिलंय, त्याला घे. तिच्याकडं बघत म्हणत होते, तिचा उबदार स्वेटर अंगावर. कधी नव्हे ते जीव लावून मागितलं, बाई, आयुष्यात एकदाच मागितलं.

मला कळतं गं, शहाणपण नको शिकवूस. तो आधीच पडला होता, फोन आला तेव्हाच त्याचं संपत आलं होतं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला — हे सगळं मी मला हजारदा सांगितलंय. भांडी घासताना सांगते. मग रात्री क्लाइव्ह शेजारी घोरत असतो, जिवंत, धडधाकट, आणि मला वाटतं, हा मी मागून आणलाय. त्याला नाही सांगितलं. कुणालाच नाही सांगितलेलं, तुलासुद्धा सांगायचं नव्हतं — तू कोण माझी? नंबर मागितलास, तेवढं नाही म्हणायचं होतं.

संपली वाट. ते बघ, सगळे उभेच आहेत, टोप्या काढल्यात. आर्थरनं तर टाय लावलाय. थांब — ती ग्लेनिस येतेय का? आपल्याकडंच येतेय. अशी उलटी येत नाही कधी ती, रेष सोडत नाही. डोळे पूस तू, तुला काय झालं रडायला? आणि हे बघ टेस, तू आता पुढं हो. रेष ओलांड, पट्टी तपासून घे आणि सरळ घरी जा, चहाला थांबू नकोस. जा म्हणते ना.

आले गं, ग्लेनिस, आले. नाही, कुणी नाही ती, नवी मुलगी आहे, दमलीय जरा. धर, हात धर माझा. हो. हो गं, आठवतेय मला. शब्दन् शब्द आठवतेय.