काठोकाठ भरलेला प्याला

हॅलो? … हॅलो, एजे? …

कोण म्हणजे? मी, साइरा. … तुझी बहीण, दुसरी कोण? नशिबात एकच आहे तुझ्या.

हो, हॉटेलातूनच बोलतेय. … सगळे इथेच आहोत. तू भरल्या ताटावरून उठून गेलीस, तेव्हापासून तसेच बसलोय. जोमार्त, त्याची मेरिम आणि मी. टेबलाला चिकटवल्यासारखे.

मग कसं उठणार? दुवा कोण देणार? … मी? एजे असताना, थोरली बहीण असताना, धाकटीने तळवे उघडायचे? … शिवाय मला ते जमतही नाही. मागे एकदा शेजारच्या पोरीला परीक्षेआधी दुवा दिला होता, ती नापास झाली. … हसलीस ना? … बरं, नाही हसलीस. खोकलीस.

अगं, इथली माणसं वैतागलीत. संध्याकाळी लग्नाची पार्टी आहे. आमच्या चारी बाजूंनी पांढरी कापडं अंथरून झाली. गाणारा माईक तपासतोय, एक-दोन, एक-दोन… ऐकू येतंय ना? मॅनेजर येऊन घुटमळून गेला. त्याला म्हटलं, बाबा रे, आमची मोठी बहीण दुवा न देताच गेलीय, आम्हाला उठता येत नाही. … मान हलवली आणि बाकीची टेबलं आमच्याभोवती वळवून लावली. आपल्यातलाच माणूस, त्याला काय समजवायचं.

जोमार्त? … बसलाय. कागदी रुमालाचे तुकडे करतोय. … नाही, तो नाही बोलणार फोनवर. तुझाच भाऊ तो. म्हणत होता, चला, विमान काही दुव्यावर उडत नाही. … हो, असंच म्हणाला. म्हणाला खरा, पण उठला का? नाही उठला. बघ तूच.

… हो.

… हो, एजे, प्याला भरला होता. मी पाहिला ना. काठोकाठ. … मी कशाला तिची बाजू घेऊ? भरलेला प्याला म्हणजे ‘पी आणि नीघ’. शेंबड्या पोरालाही कळतं ते. … आणि तेही नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला. मान्य. … परक्या लोकांसमोर, मान्य. … मान्य म्हटलं ना! आता मला बोलू देशील?

त्याच्या आधी काय झालं, तेही सांग की. चहा ओतायला हॉटेलची मुलगी आली होती. तिला तू काय म्हणालीस? … आठवतंय तुला, चांगलं आठवतंय. “आमच्या घरात सून आहे, परक्या हातचा चहा कशाला?” … हो, हळूच म्हणालीस. तुझं हळू भटारखान्यापर्यंत गेलं. आणि मेरिम उठली. तोंडातला घास तसाच घेऊन उठली, एजे.

… सून आहे, कबूल. सुनेनेच ओतायचा, कबूल. पण लग्न होऊन आली तेव्हापासून ती आपल्या माहेरात दाराशी बसलीय. आपण आत, उबेला, जाड गाद्यांवर लोळणार. ती चहाच्या समोवारापाशी, पाठीला दाराचा वारा. आपण प्याला पुढे करायचा, तिने दोन घोट ओतायचे. आपण प्यायचे, पुन्हा पुढे करायचा. गप्पा आपल्या चालल्यात, हसतोय आपण, आणि तिची नजर कुणाचा प्याला रिकामा झाला त्याच्यावर. … हो गं, मीही केलं सासरी. तूही केलंस. म्हणून काय ते सोपं झालं?

आज पहिल्यांदा तिला पाठ टेकून बसलेली पाहिली मी. खरंच. मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं. ही कोण बाई, असं.

… तोरा? कसला आलाय तोरा! घरात एक पातेलं नाही, सगळं खोक्यांत गेलंय, म्हणून हॉटेल. कशात शिजवणार होती, बादलीत? … हं, ते मात्र मलाही नाही आवडलं. मांस हाडं काढून आणलं. कुणाला कुठला तुकडा द्यायचा, थोरलं कोण, धाकटं कोण, काही ठेवलंच नाही. सगळ्यांच्या ताटात एकसारखे चौकोन. … तुझा मान राहिला नाही, खरंय. पण तो आचाऱ्याने घालवला. तिने नाही.

… विचारलं. तू जिना उतरलीस आणि लगेच विचारलं. म्हटलं, मेरिम, खरं सांग, चुकून झालं की मुद्दाम?

… सांगते ना. म्हणाली, “मलाच कळत नाहीये, साइरा एजे. चहा वर येताना दिसत होता. हात थांबवावा असं वाटलंच नाही.”

… नाही, उद्धटपणा नाही. तोंड बघायला हवं होतंस तिचं. घाबरली होती ती, स्वतःलाच. … एजे, मला ते फार खरं वाटलं. माझाही हात थांबायला नको म्हणतो कधी कधी. मी थांबवते, एवढंच.

…

एजे? … आहेस ना?

बरं, एक बोलू? रागावशील. … रागावलेलीच आहेस, मग बोलूनच टाकते. तुला चहाचा राग आलेला नाही. … नाही आलेला. उद्या सकाळी ती दोघं कझानला चाललीत, लेकीकडे. परत येतील न येतील. आईच्या घरात भाडेकरू येणार. … उठताना तूच म्हणालीस ना, “जाणारे तुम्ही, आणि नीघ मला सांगता?” … तेच. तेच तर म्हणतेय मी.

… रडू नकोस. … बरं, खोकतेयस.

मला पण तेच झालंय गं. काल त्या घरी गेले, तर भिंतीवरचा गालिचा काढलेला. मागे भिंत केवढी पांढरी! तिथे उभी राहिले आणि मनात आलं, आता माहेरी जाते म्हणून निघायचं, तर कुठे? आई गेली तेव्हाही वाटलं होतं, संपलं. पण आपण जातच राहिलो की नाही? कशासाठी जायचो सांग? जोमार्तशी बोलायला? तो चार शब्द बोलतो, त्यातले दोन फुटबॉलचे. …

हो ना.

… दार उघडलं की कुणीतरी “या” म्हणायचं, आणि प्याल्यात थोडासा चहा. थोडासाच, म्हणजे लगेच संपेल. संपला की प्याला तिच्या हातात परत जाईल. परत गेला की तिला पुन्हा आपल्याकडे बघावं लागेल. एवढंच असतं ना त्यात? ‘बस अजून.’ इतकी वर्षं ती आपल्याला ‘बस अजून, बस अजून’ म्हणत आली. मोठ्याने कधी नाही म्हणाली. आपणही कधी ऐकलं नाही, नुसते बसलो. … आज एकदा तिने ते म्हटलं नाही. नेमकी जायच्या आदल्या दिवशी. मला तर वाटतं, ती आपल्याला नव्हे, स्वतःलाच सांगत होती, नीघ म्हणून.

… माहीत नाही. तसं वाटलं आपलं.

… हो.

… ऐकतेय, बोल.

थांब, तो आवाज कसला? … नाही, तुझ्या इथला. कोण ओरडतंय, पुढे सरका, पुढे सरका? … तू घरी पोचली नाहीस अजून? … ट्रॉलीबस आहे ती, एजे. मला कळत नाही का? … थांब जरा. … उठत नाहीये गं बाई, खुर्चीतूनच मान वळवतेय!

…

एजे. समोरच्या स्टॉपवर आहेस तू. … दिसतेस ना! निळा रुमाल, आणि अंगात कोट नाही. कोट इथेच राहिला ना खाली टांगलेला? … मग इतका वेळ काय करत होतीस? … सगळ्या बस भरून आल्या? एकूण एक? रविवारी दुपारी? … बरं. असतील बाई.

जोमार्त, ती समोर आहे. खाली, स्टॉपवर! … ए, उठू नकोस! बस खाली! इतका वेळ बसलोय ते फुकट जाईल! …

हो, तोच. उठायला निघाला होता. … तू ये ना वर. … का? … “गेलेली माणसं परत येत नाहीत” काय, मेलीयस का तू? रस्ता ओलांडायचाय फक्त! … बरं, नको येऊस. तू येणार नाहीस, आम्हाला उठता येणार नाही. संध्याकाळी नवरा-नवरी येतील आणि आम्हाला वऱ्हाडी समजून नाचायला उभं करतील. … हो, जोमार्तलाही. … हसलीस. आता खोकला म्हणू नकोस, मला इथून दिसतंय.

काय? … कुणाला? … बरं, विचारते.

मेरिम, एजे विचारतेय, तू जेवलीस का?

… मान हलवली. नाही म्हणाली. ताट तसंच आहे, तू उठवलंस तेव्हाचं. … रडतेय आता. … नाही, नाही, तसं नाही. बरं झालं विचारलंस. मघापासून दगडासारखी बसली होती.

… सांगते. मेरिम, आधी पोटभर जेव म्हणतेय. हे झाल्याशिवाय दुवा नाही म्हणतेय. … हो, घेतला घास. जोमार्तने सगळं मांस तिच्यापुढे सरकवलं, बैल आहे नुसता. … निवलंय, पण खातेय. … चहा? मी ओततेय ना तिला. हो, मी! मला येतो ओतता.

… आता? तिथून? रस्त्यावरून? … लोक बघतील. … बघू देत, बरोबर आहे.

थांब, आवाज मोठा करते, म्हणजे तिघांनाही ऐकू… काय म्हणालीस? … अगं हो. खरंच की. एका हाताने दुवा कसा देणार? … खांद्यात नको धरूस, पडेल. मग ठेवून दे ना फोन. … नाही येणार ऐकू. न येऊ दे. दिसतेयस तू, तेवढं पुरे. … वाट उजळ असो म्हण. परक्या गावात कुणीतरी त्यांनाही ‘बस अजून’ म्हणो, असं काहीतरी म्हण. मी कोण शिकवणारी, तुला येतं सगळं.

… हो, उघडले तळवे. जोमार्तनेही. … मेरिम हात पुसतेय, थांब… हं. झालं. … इकडे बघ, वर, दुसरा मजला. … डावीकडे गं. … हां, तीच खिडकी.

एजे, एक ऐक. तिचं नाव आधी घे. जोमार्तच्या आधी. … हो, आम्हाला कळणार नाही घेतलंस की नाही. तरी घे.

… ठेवते आता. मलाही दोन्ही हात लागतील.