हँग अप म्हंजे काय?

चहा घ्या गं, अन् ऐका, मी नातीला कसं गंडवलं ते.

दुष्काळात पोरगा अन् सून जनावरं घेऊन चारा छावणीत ऱ्हायला गेलते. नात बीडला क्लासला. घरात मी एकटी. गावात दूधच न्हाई, म्हणून सोसायटीची डेअरीबी बंद. न्हाईतर तिथं सकाळी चार बाया तरी भेटायच्या.

सांजच्याला नातीचा फोन यायचा, पर एवढासाच. "आजी, जेवलीस का? बरं, हँग अप करते."

एकदा मी म्हणलं, "थांब बाई. हँग अप म्हंजे काय?"

"फोन ठेवणं. हँग म्हंजे टांगणं."

"खिशातला फोन कशाला टांगायचा?"

"अगं, पहिले फोन भिताडाला असायचे. बोलून झालं की कानाला लावायचं ते हुकाला टांगायचं, मंग लाईन तुटायची. फोन बदलले, शब्द तसाच ऱ्हायला."

मला लगेच कळलं. तरी दुसऱ्या दिशी म्हणलं, "अन् टांगलेलं खाली पडलं तर?" मंग रोज नवं काहीतरी. पोरगी समजावीत बसायची, अन् मी तोंडाला पदर लावून हसायचे.

एक दिशी ती म्हणली, "आजी, तुला कवाच कळलंय ना?"

वाटलं, आता ही फोन करायची न्हाई.

मंग ती हळूच म्हणली, "इथं रूमवर मीबी एकटीच असते गं. इचार की आणखी."

मी डोळे पुसले अन् इचारलं, "त्यो हुक लोखंडाचा का पितळाचा?"