लूर्दच्या अकरा बाटल्या

२००९. अबुधाबीहून दुबईची बस. माझ्या पुढच्या सीटवर काळ्या टी-शर्टातले दोघे, वेदांग आणि वसईचा एल्रॉय.

“एल्रॉय, जॉब गेला, तरी बँड बघायला युरोपला चाललास. ममाला काय सांगितलंस?”

“फ्रान्सला, लूर्दच्या चर्चला चाललोय म्हणालो. तिने अख्ख्या गल्लीसाठी पवित्र पाण्याच्या अकरा बाटल्या सांगितल्या.”

“हॉटेलच्या नळाचं भर, हबीबी!”

“खोटं बोललो, ठीक आहे. पण खोटं पाणी कसं पाजू? बँडचे दोन शो आहेत, दुसरा सोडतो, लूर्दला जातो.”

“खलास, ठरलं! अकरा बाटल्या एकटा उचलशील? मीपण लूर्दला येतो.”

मी पुढे एल्रॉयकडे वाकलो. “बाळा, तिथे प्रमिलासाठी एक मेणबत्ती लावशील? माझी बायको. गेल्या वर्षी गेली.”

“लावतो, अंकल. आणि पहिल्या शोला त्यांचं नाव जोरात ओरडतोही.”