बाहेरचं रक्त

मंडळी, आज आधी एक प्रश्न. टाळ जरा खाली ठेवा. पोरगं गोरंगोमटं निघालं, कुणावर गेलं? बापावर! शाळेत पहिलं आलं, कुणावर गेलं? आजोबांवर! आणि तेच पोरगं आजारी निघालं तर? बघा, बायका हसायला लागल्या. त्यांना उत्तर पाठ आहे. आईवर गेलं! गुण सगळे एका घरचे आणि रोग तेवढा दुसऱ्या घरचा, असं कुठं असतं का हो? आजचं आख्यान याच प्रश्नाचं.

नदीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही; सांगितलं तर चार जण काठ्या घेऊन मंडपात येतील. तिथं हौसाबाई म्हणून एक बाई. कर्ती, फटकळ, नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा दिगंबर. भाऊ तात्याबा शेजारच्या गावात. तात्याबाला मुलगी झाली. बारशाला नाव ठेवायचा मान कुणाचा? आत्याचा! हौसाबाईनं वाकून कानात कुर्र केलं, वैजयंता नाव ठेवलं, आणि तिथंच जाहीर केलं की ही माझी सून. माझ्या घरात बाहेरचं रक्त नको! पोरीनं अजून मान धरली नव्हती — आणि तिचं लग्न ठरलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. आपण असतो तर आपणही खाल्ले असते.

पोर मोठी झाली, सून होऊन आत्याच्या घरी आली. आत्याच सासू, म्हणजे पोरीनं नशीब काढलं म्हणाले लोक. पुढं राजवीर झाला. नाव राजवीर, पण सहा महिन्यांचा होतोय तोच पांढराफटक पडला. दूध पिताना दमायचा. पोट फुगलं. दृष्ट काढली, अंगारा लावला, ताईत बांधला. शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेला तेव्हा कळलं — थॅलेसेमिया. म्हणजे काय? तर अंगात होणारं रक्त टिकतच नाही. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचं, तर पोर जगणार.

कळलं का मंडळी? ज्या घराला बाहेरचं रक्त नको होतं, त्या घराचा वंश आता बाहेरच्या रक्तावर जगतोय! आणि त्या पिशवीवर कूळ लिहिलेलं नसतं बरं का. हौसाबाईनं एकदाही विचारलं नाही की हे कुणाचं.

खोटं कशाला बोलू, नातवावर तिचा जीव होता. पदर खोचून ती स्वतः रक्त द्यायला गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, आजी, तुमचं चालणार नाही. तिला वाटलं वय झालं म्हणून. गावात तेच सांगत सुटली.

डॉक्टरांनी तात्याबाचंही रक्त तपासलं, नवराबायकोचंही तपासलं. मग दोघांना समोर बसवून, चौघांचे कागद दाखवून समजावलं. हा दोष जन्मानंच येतो. तुम्हा दोघांकडे अर्धा अर्धा आहे, म्हणून तुम्ही धडधाकट. पण अर्धा बापाचा आणि अर्धा आईचा पोरात एकत्र आला की आजार पुरा. दर बाळंतपणाला चारात एक अशी जोखीम.

दोघं घरी आले. हौसाबाई ओट्यावरच बसलेली. काय म्हणाले डॉक्टर? दिगंबर चपला काढता काढता म्हणाला, "हिच्या रक्तात दोष निघाला."

खोटं बोलला का? नाही! एक शब्द खोटा नाही. निम्मं सांगितलं आणि निम्मं गिळलं. वैजयंता पोर खांद्यावर घेऊन मागंच उभी होती. तिला वाटलं, आता पुढचं बोलतील. तो हातपाय धुवायला निघून गेला.

त्या दिवसापासून सुरू झालं. बारशाला जिनं नाव ठेवलं, तीच आता नावं ठेवायला लागली! भाकरी करपली, माहेरचं रक्त. दूध नासलं, माहेरचं रक्त. वैजयंता सांगायला गेली की ह्यांच्यातही आहे, तर उलट उत्तर करते म्हणून शिव्या. अहो, माहेर कुणाचं? एकाच आईच्या पोटची बहीणभावंडं ना ती! अख्ख्या गल्लीत एकालाही हे सुचलं नाही. अकलेला काय गंज चढला होता?

मग हौसाबाईनं भावाला बोलावलं, भावकीतली चार माणसं बसवली. मागणी काय? ही पोरगी आणि हे पोर घेऊन जा. आणि दिगंबरला हिची धाकटी बहीण द्या.

धाकटी बहीण! त्याच बापाची! संताप येतो की नाही? आणि तात्याबानं मान खाली घालून हो म्हटलं. मोठी परत आली म्हणजे धाकटीला कोण करून घेणार, ही काळजी. धाकटीच्या पोटच्या पोराचं काय, ही काळजी कुणालाच नाही.

वैजयंता दाराआडून ऐकत होती. स्वतःचं हाकललं जाणं तिनं गिळलं असतं. पण धाकटीचं नाव ऐकलं आणि ती पोर कडेवर घेऊन बैठकीत आली. थेट सासूपुढं उभी राहिली.

"आत्या, दवाखान्यात तुमचं रक्त का नाही घेतलं?"

"वय झालं म्हणून."

"वय नव्हे. ह्यांना विचारा. ह्यांना ठाऊक आहे."

सगळे दिगंबरकडे बघायला लागले. तो जमिनीकडे बघत होता. तसाच म्हणाला, "आई, तुझ्यात पण आहे. मामात पण आहे. मला तुझ्याकडनं आलं."

वैजयंता म्हणाली, "मला घालवायचं तर मी जाते. पण तुम्हीही चला, आत्या. दोष दोघींचा आणि माहेरही दोघींचं एकच."

पुढं काय झालं? बैठक चहा न घेता उठली. धाकटीचं लग्न त्या घरात झालं नाही. हौसाबाईनं सुनेचे पाय धरले, असं सांगितलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि हलके होऊन घरी जाल. नाही धरले! 'माहेरचं रक्त' म्हणणं तेवढं बंद झालं. राजवीर आजही रक्त घ्यायला जातो, आई त्याला घेऊन जाते.

तुम्ही मनात हौसाबाईला शिव्या देताय. तिच्या स्वतःच्या रक्ताचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं! ज्याला सगळं ठाऊक होतं तो भाकरी खात बसला होता, त्याचं काय? असे किती दिगंबर इथं मांडी घालून बसलेत?

आज माझं जेवण अण्णासाहेबांकडे आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाचं लग्न, मुलगी त्याच्या मामाची. सकाळी मी विचारलं, दोघांचं रक्त तपासलंत का? म्हणाले, महाराज, घरातलीच मुलगी आहे, तपासायचं काय? घरातली आहे म्हणूनच तपासायचं ना! अण्णासाहेब, माझ्यापुढं ठेवलेला तो नारळ परत न्या. दोघांना घेऊन दवाखान्यात जा, मग मला जेवायला बोलवा. तोवर तुमच्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाही.

देवाचं नाव आज मी एकटाच घेतो. तुम्ही गप्प बसा. गप्प बसायची सवय तुम्हाला आहेच.