तिसरं गाणं

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं मेर्वी, तू होय! बोल… जरा मोठ्याने बोल, बाहेर ठोकाठोक चाललीय… हो, माझ्याकडेच. म्हणजे घरात नाही, तळ्यावर. धक्क्याच्या फळ्या बदलतोय… कोण म्हणजे? सुतार…

बरं बाई, सुतार नाही. वेइयो… हो, तोच वेइयो, शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होता तो. … पण तुला कुणी सांगितलं? … दुकानातल्या सायमीने? तिने तुला मुद्दाम तुर्कूला फोन केला? गिऱ्हाईक नसतं वाटतं तिच्याकडे!

आणखी काय म्हणाली? … हं… हं… चार? मोजली तिने? … हो, नाचले. चार गाणी. लागोपाठ, एकाच माणसाबरोबर, अख्ख्या नाचमांडवासमोर. … अगं हो, नियम मला शिकवू नकोस, मी तुझ्याहून मोठी आहे. दोन गाणी झाली की थँक्यू म्हणायचं आणि पुरुषाने बाईला तिच्या जागेवर आणून सोडायचं. माहितीय. आणि तिसरं नाचलं की गाव काय समजतं, तेही माहितीय. आपल्या आईने तर तिसऱ्या गाण्याला नव्या घराचे पडदे शिवायला घेतले असते.

रडले? … तेही सांगितलं तिने? … थोडीशी. म्हणजे… त्याचा शर्ट पिळून वाळत घालावा लागला असेल, एवढंच.

ऐक ना… अगं ऐक तरी! आधी हसणं बंद कर. तो टँगो लागला ना… ज्यात अकॉर्डियन आधी नुसता श्वास घेतं आणि मग सूर सुरू होतो… हो, तोच. आपण मुली होतो तेव्हा दर शनिवारी वाजवायचे. मी डोळे मिटले, आणि समोर कोण? … यॉर्मा! घटस्फोट होऊन जमाना झाला, त्याने तिकडे ओउलूला दुसरं लग्न केलं, त्याला नातवंडं झाली, आणि मी वेइयोच्या खांद्यावर डोकं ठेवून यॉर्मासाठी रडतेय! दोन गाणी कधी संपली कळलंच नाही. सोडलंच नाही मी त्या बिचाऱ्याला. गोचिडीसारखी चिकटून राहिले.

वेडी? … वेडीच आहे, त्यात नवीन काय? … अगं, माझ्या घरात रेडिओ लावायची सोय राहिली नाही. वॉल्ट्झ लागला की इल्पो आठवतो… दातांचा डॉक्टर गं, चर्चमध्ये गायचा तो… हो, दाढ काढतानासुद्धा गायचा. पोल्का लागली की तो स्वीडनच्या बोटीवरचा ड्रमवाला… नाव? … नाव गेलं डोक्यातून, पण पोल्का लागली की अजून पोटात कालवतं. प्रेमाने की बोट लागल्याने, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. आता मी फक्त समुद्रावरच्या वाऱ्याचा अंदाज ऐकते. त्यावर अजून कुणाच्या प्रेमात पडलेले नाही… हो, वाचणाऱ्याचा आवाज बरा आहे, ते खरं.

तर वेइयो. काल सकाळी दारात उभा. गाडीत फळ्या. म्हणाला, 'तुझा धक्का सडलाय.' … बस्स. … नाही, पुढे काही नाही. अगं, आपल्याकडचा पुरुष याहून जास्त काय बोलणार? बायको गेल्यापासून तर तो कुत्र्याशीसुद्धा मोजकंच बोलतो. आज पुन्हा आलाय. नवा शर्ट घालून! खिळे ठोकायला कुणी नवा शर्ट घालतं का, सांग मला.

कॉफी? … दिली ना. वेलदोड्याचे पाव केले, तेही दिले… हो, मुद्दाम केले! … आवडतो गं. खरंच आवडतो. तेच तर! नसता आवडला तर फळ्या ठोकून घेतल्या असत्या आणि वाटेला लावला असता. पण त्याला वाटतंय मी त्याच्यासाठी रडले. माझ्या खोट्या रडण्यावर माणूस धक्का बांधतोय, मेर्वी! मला त्यावर पाय ठेवायची लाज वाटते.

सांगून टाकू? … आणि तो निघून गेला तर? … नाही, काम अर्धवट टाकणाऱ्यातला नाही तो. सगळं नीट पुरं करेल, हत्यारं पुसून ठेवेल आणि मग जाईल. मग मी त्या चकचकीत धक्क्यावर एकटी बसून काय करू?

काय? … काय म्हणालीस? … यॉर्मा टँगो नाचायचाच नाही? असं कसं… अगं पण मला चांगलं… थांब, थांब. … हो. … गाडीत बसायचा. … हो, सॉसेज खात, मोटारींच्या शर्यती ऐकत. बरोबर! 'टँगो म्हणजे चालता चालता भांडण' म्हणायचा. … म्हणजे त्या गाण्यावर मी त्याच्याबरोबर एकदाही… मग कुणाबरोबर? … इल्पो? छे, त्याचे गुडघे कुठे वाकायचे! … ड्रमवाला तर वाजवायलाच बसलेला असायचा. … मग मी इतकी वर्षं कुणासाठी रडतेय?

…

मेर्वी, तुला सांगू? मी त्या गाण्यावर नाचलेच नव्हते. कधीच. ते लागलं की पलीकडून पुरुषांची झुंबड यायची, तुला कुणीतरी घेऊन जायचं, आणि मी बायकांच्या रांगेत उभी. तुझी पर्स धरून. … अगं, तुला बोल नाही लावत. तू दिसायलाच तशी होतीस. पण वाईट वाटायचं गं. फार वाईट वाटायचं. हसरं तोंड करून करून गाल दुखायचे माझे. … आता तू कशाला रडतेस? एका घरात एक पुरे.

बघ ना, काय माझी अक्कल! इतकी वर्षं ज्याच्या नावाने आसवं गाळली, तो बाहेर सॉसेज खात बसला होता. मोहरीची चटणीसुद्धा सांडली असेल शर्टावर.

हं? … परत सांग. … हो, जागेवर नेऊन सोडायचं काम पुरुषाचं. मग? … हं. … त्याने का नाही सोडलं? … अगंबाई, हे मला सुचलंच नाही. … लाजला असेल. … चार गाणी होईपर्यंत? … नाही, तो फार काटेकोर माणूस आहे. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळायचा दिवा लावतो.

जाते. आत्ताच सांगते. … नाही नाही, फोन ठेवू नकोस! चालू असू दे, मला धीर येतो. … चपला कुठे गेल्या मेल्या… हो, चाललेय… काय डास आहेत… तू फक्त गप्प राहा.

वेइयो! … वेइयो, जरा थांब. हातोडा खाली ठेव. … नाही, कॉफी नाही. … हा? बहीण आहे फोनवर. … तिचं काही नाही, तिला सगळं माहितीय. ऐक. परवाच्या नाचात मी रडले ना, ते तुझ्यासाठी नव्हतं. मला वाटलं यॉर्मासाठी. तर बहीण म्हणते, तेही नाही. … म्हणजे कुणासाठीच नाही. त्या गाण्यावर मला कधी कुणी नाचायला नेलं नव्हतं, म्हणून. मी डोळे मिटून भलतीकडेच होते रे, तुझ्याबरोबर नव्हतेच. तुला आवडेल असं काहीतरी सांगता आलं असतं, पण हे खरं आहे. आता या फळ्या उपटून न्यायच्या असतील तर ने.

…

मेर्वी, आहेस ना? … तळ्याकडे बघतोय गं. … अजून बघतोय. … अगं तळं आटेल आता.

काय, वेइयो? … हं. … हं.

मेर्वी… तो म्हणतो, तोसुद्धा माझ्याबरोबर नव्हता. आउनेबरोबर नाचत होता. … त्याची बायको गं, गेलेली. … त्या दोघांचं गाणं होतं म्हणे ते. त्यानेही डोळे मिटलेले. … म्हणजे सगळा गाव आमच्याकडे बघत होता आणि आम्ही दोघंही तिथे नव्हतो! … थांब, विचारते.

वेइयो, मग दोन गाणी झाल्यावर मला जागेवर का नाही नेऊन सोडलंस?

…

मेर्वी… … हो, ऐकतेयस ना? म्हणतो, दुसरं गाणं संपलं तेव्हा त्याने डोळे उघडले. कोण आहे ते बघितलं. … आणि मग नाही सोडलं.

… नाही, मी रडत नाहीये. … नाही म्हणते ना! … मेर्वी, आता तू ठेव. … नाही, पुढचं तू ऐकायचं नाहीस. … अगं ठेव की… बरं, मीच ठेवते.